कोठडीच्या दारापाशी गावचा माणूस हवा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरात ती थोडी बदलून वापरतात. आजी म्हणायची, कोर्टाची पायरी निदान दिवसा तरी चढायची असते, ठाण्याची पायरी रात्रीसुद्धा चढावी लागते. या बोलण्याचा अर्थ मला मी बारावीत असताना कळला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. म्हणून यंदा अंकासाठी कविता न देता हा लेख देत आहे. लेखात कायद्याची भाषा अधूनमधून येईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मीही ती ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्न होताच.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, टँकरवर ड्रायव्हर आहेत. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत हे सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तेथून पेट्रोल-डिझेल भरून टँकर लांबलांबच्या गावी जातात. वाटेत तेल काढून विकणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांच्या बातम्या येतात, त्या काही खोट्या नसतात. तेव्हा पोलिसांनी संशय घेऊच नये असे मी म्हणणार नाही. एका रात्री आमच्या गावापासून पुष्कळ लांब, दुसऱ्याच जिल्ह्यात, दादांची गाडी अशाच संशयावरून अडवली आणि त्यांना ठाण्यात नेले. ठाण्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण दादांनी तशी अट घातली आहे.

दादांचा मोबाईल काढून घेतला होता. रोज रात्री दहाच्या सुमारास 'जेवलो, आता निघतो' एवढे तरी सांगणारा माणूस अकरा वाजले, बारा वाजले तरी फोन उचलत नाही. आई रोपवाटिकेत रोजंदारीवर जाते, पहाटे उठायचे असते. पण ती रात्रभर चुलीपुढे बसून होती. अपघात झाला असेल असेच आम्हाला वाटत होते. पेट्रोलच्या गाडीचा अपघात म्हणजे काय, हे ड्रायव्हरच्या घरातल्या माणसांना सांगावे लागत नाही. शेवटी मी शेजारच्या काकांना उठवले. ते पोलीस हवालदार आहेत. बंदोबस्तावरून येऊन नुकतेच झोपले होते. काही न बोलता उठले, अंगणातल्या खाटेवर बसून एकामागून एक फोन लावत राहिले आणि पहाटे दोनच्या पुढे त्यांना दादांचा पत्ता लागला. "आहेत. ठाण्यात बसवलंय. जिवंत आहेत," एवढेच त्यांनी आईला सांगितले. आई तेव्हा रडली.

सकाळी गाडीची सीले तपासली, ती शाबूत निघाली. दुपारी दादांना सोडले. कागद म्हणून काही दिला नाही. अटकच दाखवली नव्हती, तर कागद कशाचा देणार? घरी आले तेव्हा त्यांना डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हते. अजूनही येत नाही. त्या रात्री काय झाले हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही, आणि आम्हीही एकदाच विचारले.

राज्यशास्त्राच्या तासाला घटनेचे कलम 22 शिकले तेव्हा मी दचकले. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते कलम सांगते. पुढे वाचले की 1996 साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना आणखी बंधने घातली. अटकेचा पंचनामा त्याच वेळी करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचे. म्हणजे कोठडीच्या दाराशी पोलिसांखेरीज दुसरा कोणी माणूस असावा, असे न्यायालयालाही वाटले होते. ही सारी कलमे दादांच्या त्या रात्रीही होतीच. भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसारखी ती वर होती आणि खाली जे व्हायचे ते झाले.

या विषयावर आपल्या महाराष्ट्रात काही वाचायचे तर फार मागे जावे लागत नाही, आणि गेलेच तर थेट पेशवाईत जाता येते. आमच्या वर्गात विजय तेंडुलकरांच्या 1972 सालच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकावर बोलणे निघाले होते. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असे सरांनी बजावले, म्हणून मी इतिहास पाहिला. 1791 साली पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना कोतवाल घाशीरामाने कोंडून ठेवले. जागा लहान, माणसे फार. वीसहून अधिक जण गुदमरून मेले. मानाजी फाकडे या सरदाराने दार फोडले म्हणून उरलेले वाचले. हे वाचताना मला सारखे वाटत होते की तो सरदार होता म्हणून त्याला दार फोडता आले. एखादा माळी, तेली, वाटसरू असता तर त्याने आतल्या हाका ऐकूनही मान खाली घालून रस्ता धरला असता. पुढे चिडलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. लोकांचा राग खरा होता, पण त्याने मेलेले परत आले नाहीत, आणि नव्या कोतवालाच्या कोठडीत कोणी डोकावायचे हे काही ठरले नाही.

तेंडुलकरांचे नाटक आले त्याच वर्षी, 1972 च्या मार्चमध्ये, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर जे घडले ते सर्वांना माहीत आहे. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितले, मुलीला थांबवून घेतले आणि दार लावले. तिची माणसे बाहेर उभी होती. बाहेर, म्हणजे काही पावलांवर! 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना निर्दोष सोडले. मग 1979 साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. चार अध्यापकांच्या एका पत्रापासून एवढे होऊ शकते, हे कॉलेजच्या अंकात लिहून ठेवण्यासारखे आहे. पण त्या कायद्याने शिक्षा बदलली, पुराव्याचा भार बदलला. दार मात्र आहे तसेच आतून लागते.

आता कोणी म्हणेल, यासाठी महाराष्ट्रात कायदा झालेला आहे. झालेला आहे, आणि तो कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे. प्रकाश सिंह हे पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ. त्यांनी 1996 साली पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल लागला 22 सप्टेंबर 2006 रोजी. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, असा स्पष्ट आदेश होता. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणे, अशा तक्रारी त्याच्यापुढे न्यायच्या. महाराष्ट्राने 2014 साली आपल्या 1951 च्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. त्यात राज्याचे एक प्राधिकरण आले, आणि न्यायालयाने जेथे 'जिल्हा' म्हटले होते तेथे आपल्या कायद्यात 'विभाग' आला.

हा एका शब्दाचा फरक किती किलोमीटरांचा आहे ते नकाशा घेऊन पाहावे. पुणे महसूल विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. आम्हा लोणीकरांना पुणे म्हणजे पीएमटीचे तिकीट. (आता तिला पीएमपी म्हणतात, पण आमच्या तोंडची सवय गेलेली नाही.) चंदगडच्या शेतमजुराने मात्र अडीचशे किलोमीटरांहून लांब जाऊन तक्रार गुदरायची, रोज बुडवायचा, पुन्हा तारखेला यायचे. आणि एवढे करून हे प्राधिकरण काय पाहणार? जे घडून गेले ते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सांगलीत अनिकेत कोथळे या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. आरोपी पळून गेले असे पोलिसांनी आधी सांगितले. तपासात निष्पन्न झाले ते असे की मारहाणीत त्याचा जीव गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला. कायदा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्या रात्री कोणी अचानक येऊन 'कोठडीत कोण आहे, जरा पाहू द्या' असे म्हणेल, ही धास्ती त्या ठाण्यात कोणालाच नव्हती.

आमच्या गावाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. लोणी काळभोरचे ठाणे पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. 2021 च्या मार्चमध्ये ते लोणीकंदबरोबर पुणे शहर आयुक्तालयात गेले. गावात पुष्कळांना आनंद झाला. शहरात आलो म्हणजे गाड्या वाढतील, मनुष्यबळ वाढेल, वाहतुकीची कोंडी सुटेल. मला हे अगदी नाकारायचे नाही. पण एक गोष्ट त्या वेळी चावडीवर कोणी बोलले नाही, आणि मलाही ती अभ्यास करतानाच कळली. ग्रामीण भागात पोलिसांनी एखाद्यावर चॅप्टर केस करायची म्हटली, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड घ्यायचा म्हटले, तर प्रकरण तहसीलदारांपुढे जाते. तडीपार करायचे तर प्रस्ताव प्रांताकडे जातो. आयुक्तालयात हेच अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात. चॅप्टरची सुनावणी सहायक पोलीस आयुक्त घेतात, तडीपारीचा हुकूम उपायुक्त काढतात. म्हणजे प्रस्ताव करणारा खाकीतला आणि निकाल देणाराही खाकीतलाच! तहसीलदार काही फार मोठा न्यायमूर्ती असतो असे नव्हे, त्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी आम्ही किती चकरा मारल्या ते आम्हालाच माहीत. तरीपण तो पोलीस नव्हता. आमचे गाव ग्रामपंचायतीचे राहिले, ठाणे शहराचे झाले, आणि या दोहोंच्या मधला एक मुलकी माणूस वजा झाला.

कॅमेऱ्यांचीही तीच कथा. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की प्रत्येक ठाण्यात दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपायला हवे. ते निदान एक वर्ष तरी राहिलेच पाहिजे. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती सांगितली, तिच्यात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे लोकांनी निवडलेले सभासद. आणि पुण्यात काय झाले? 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची, दोघांचीही मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे दोन्हीकडे प्रशासकच होते. समितीत बसायला लोकांनी निवडलेला माणूसच शिल्लक नव्हता. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यांतले कॅमेरे बंद असतात याची दखल सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा, स्वतःहून, घ्यावी लागली. कॅमेरा हा मुका साक्षीदार आहे. तो चालू आहे की नाही हे पाहायला शेवटी बोलता माणूस लागतो.

हा माणूस कोठून आणायचा? येथे मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आपल्याच घरची आहे. तुरुंगाच्या नियमांत अशासकीय अभ्यागत नेमण्याची सोय आहे. सरकारी नोकर नसलेला नागरिक तुरुंगात जाऊन कैद्यांची विचारपूस करू शकतो. आता पाहा, येरवड्याला माणूस पोचतो तो न्यायालयाच्या हुकमाने, त्याच्या नावाची नोंद झालेली असते, डॉक्टरने त्याला तपासलेले असते. तेथे नागरिकाला मुभा आहे. पण पोलीस ठाण्याच्या कोठडीत, जेथे पहिली रात्र जाते आणि बाहेर कोणाला पत्ता नसतो, तेथे अशी मुभा कोणालाच नाही. दुसरी गोष्ट इंग्लंडची. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात 1981 साली दंगली झाल्या, लॉर्ड स्कारमन यांनी चौकशी केली आणि त्यांच्या शिफारशीवरून सामान्य नागरिकांनी ठाण्यातल्या कोठड्या पाहण्याची पद्धत तेथे सुरू झाली. 2002 साली तिला पक्का कायद्याचा आधार मिळाला. दोघे मिळून जातात, आधी कळवत नाहीत, रात्री-अपरात्री केव्हाही जातात, आतल्या माणसाशी बोलतात. तपासाविषयी ते विचारत नाहीत. माणूस जेवला का, पांघरूण आहे का, अंगावर काही लागले आहे का, घरी कळवले का, एवढेच पाहतात आणि लिहून ठेवतात.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमात असे एक कलम घालायला काय हरकत आहे? प्रत्येक ठाण्यासाठी त्याच हद्दीतले पाच-सहा अभ्यागत, त्यांत निम्म्या स्त्रिया. निवड पोलिसांनी करायची नाही आणि आमदारांनीही नाही. न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे प्राधिकरण जिल्ह्याला आणावे आणि तेथल्या निवृत्त न्यायाधीशांनी आलेल्या अर्जांतून निवड करावी. पक्षाचा पदाधिकारी नको, ज्याच्यावर खटला चालू आहे तो नको, आणि आमच्या भागापुरते सांगायचे तर जमिनीचे व्यवहार करणारा तर मुळीच नको. दोन वर्षे झाली की माणसे बदलावी. त्यांनी पाहिलेले ठाण्याच्या वहीत लिहावे आणि त्याची नक्कल न्यायाधीशांकडे जावी. निवृत्त शिक्षिका, पोस्टमन, बचत गटातली बाई, अशी माणसे आमच्या गावात आहेत.

हे मी एका वादविवाद स्पर्धेच्या तयारीत मांडले तेव्हा मैत्रिणी हसल्या. म्हणाल्या, तेच ते शांतता समितीवाले येतील, साहेबांबरोबर फोटो काढून घेतील आणि गणपतीत मांडवाच्या परवानग्या आणतील. हा आक्षेप खरा आहे, मी त्याला टाळत नाही. शांतता समिती, पोलीस मित्र, यांत जी माणसे असतात ती पोलिसांनी बोलावलेली असतात. पाहुणा यजमानाच्या घरात ताटाखाली काय आहे ते उचलून पाहत नाही. म्हणूनच निवड ठाण्याबाहेर व्हावी, असा माझा आग्रह आहे. तेवढ्याने सगळे शुद्ध होईल असे मला वाटत नाही. एखादा अभ्यागत मिंधा निघेल, दुसरा घाबरट निघेल. पण पाच-सहा जणांतली एखादी बाई खमकी निघाली तरी त्या ठाण्यातल्या रात्री बदलतील.

दुसरा आक्षेप असा की याने पोलिसांचे मनोधैर्य खचेल. याचे उत्तर मी स्वतः न देता शेजारच्या हवालदार काकांना विचारले. तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते तेव्हा काका सकाळी निघाले की दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परत येतात. पाय सुजलेले असतात, काकू गरम पाण्याची बादली तयार ठेवतात. त्यांना मी पोलिसांचा शत्रू वाटू नये म्हणून जरा भीतभीतच विषय काढला. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, रात्री ठाण्यात आम्ही तिघं-चौघं असतो. एकाचा हात सुटला की बाकीच्यांनी काय करायचं? साहेबाला बोलायची सोय नसते. बाहेरचं कोणी येणार असलं तर आम्हालाही म्हणता येतं, थांबा साहेब, माणसं येतील." थोड्या वेळाने म्हणाले, "पण आधी आमच्या ड्यूटीचे बारा तास आठ करा म्हणावं. ते पण लिही." म्हणून लिहिले आहे.

त्या रात्री काकांनी दादांना शोधून काढले याचा मला जितका आनंद आहे तितकाच विचारही पडतो. काका शेजारी राहतात हा योगायोग. ज्याच्या शेजारी हवालदार राहत नाही त्या ड्रायव्हरच्या बायकोने पहाटेपर्यंत कोणाला फोन करायचा? मानाजी फाकडे दर वेळी येत नाही.

लेख पुरा झाल्यावर दादांना वाचून दाखवला. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. दोन परिच्छेद झाल्यावर त्यांनी मला उजव्या बाजूला यायला सांगितले आणि पहिल्यापासून वाच म्हणाले. ठाण्याचे नाव घातले नाही ना, हे दोनदा विचारून घेतले. शेवटी म्हणाले, "ते अभ्यागत का काय म्हणतेस, त्यासाठी अर्ज कुठं करायचा असतो? तुझ्या आईचं नाव देऊ."

अजून तसा कायदाच नाही, असे मी त्यांना सांगितले.

(द्वितीय वर्ष, कला)